चिठ्ठ्या टाकायच्या आधी

ठरावबाईंनी मला ठेवून घेतलं. हे आधी लिहून टाकते. काय काय झालं ते सांगायला लागले की माझी गडबड होते, आणि ज्यांनी केलं त्यांचं नाव मागं राहतं.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण लातूरच्या त्या गल्लीत सगळे त्यांना ठरावबाईच म्हणायचे, कारण कुणी काहीही सांगितलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कुणी ठरवलं?" पेपरवाला एकदा म्हणाला, बाई, उद्यापासून पेपर उशिरा येईल. "कुणी ठरवलं?" तो बिचारा म्हणाला, गाडीच उशिरा येऊन राहिली. "मग गाडीनं ठरवलं म्हण. तू ठरवल्यासारखं तोंड कशाला करतोस?" रागावलेल्या नसायच्या त्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

बाई मूळच्या उदगीरच्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. त्या हसून म्हणायच्या, "इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला विषय माझा. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पानं उलटायची." त्यांचे वडील निजामाच्या काळातली गोष्ट सांगायचे म्हणे. फर्मान यायचं, चावडीवर वाचलं जायचं, लोक मान हलवून घरी जायचे. कुणी ठरवलं, का ठरवलं, हे विचारायची सोयच नव्हती. बाईंचा तो प्रश्न मला वाटतं तिथूनच आला असेल.

मी आठवीतून शाळा सोडलेली. इस्लापूरहून आले ती डाळ मिलमध्ये पॅकिंगला. अंगावर पिवळी धूळ घेऊनच बाईंच्या दारात उभी राहिले. वर चार खोल्या, त्यांत आम्ही बाहेरगावच्या पोरी. बाई आम्हाला गावाच्याच नावानं हाक मारायच्या. दवाखान्यात नर्स असलेली निलंगा, साडीच्या दुकानातली देगलूर, आणि मी इस्लापूर. गच्चीवर सभा असली की म्हणायच्या, "इस्लापूरच्या सन्माननीय सदस्यांना काही बोलायचं आहे का?" सगळ्या हसायच्या. मी पायाच्या बोटाकडं बघत बसायची.

सभा असायची पाण्यासाठी. लातूरला नळ कितीतरी दिवसांनी यायचा, आणि घराला टाकी एकच. नळ आला की रिकाम्या टाकीत पहिलं पाणी पडताना गुदगुल्या केल्यासारखा आवाज यायचा. अजून दुपारी डोळा लागला की तो आवाज मला ऐकू येतो. इथं लांब दक्षिणेत, तिरुपूरला, शिलाई कारखान्याच्या हॉस्टेलात. टाकी भरत असते, गच्चीवर ऊन उतरलेलं असतं, डाळीचा भाजका वास सगळ्या गल्लीवर तरंगत असतो, आणि बाई तांब्या घेऊन जिना चढत असतात.

त्या तांब्यात आमच्या चिठ्ठ्या. पाळी कुणाची पहिली, ते चिठ्ठीनं ठरायचं. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी नियम ठरवायचे, असा बाईंचा दंडक होता. किती बादल्या, कुणाला सूट, भांडण झालं तर कोण मिटवणार, सगळं आधी. देगलूर एकदा म्हणाली, "बाई, आधी चिठ्ठी काढू की. मंग ज्याची पाळी त्याला बघून नियम करू." बाई म्हणाल्या, "तेच तर नको, माय. एकदा आपली पाळी कळली की माणूस आपल्या बाजूनं नियम करतो. आपण कोण होणार ते ठाऊक नसताना केलेला नियमच सगळ्यांचा असतो. देश उभा करताना हेच करावं लागलं. आधी कागद, मग खुर्ची."

टाकीच्या कोंड्याला कुलूप होतं, पण किल्ली बाईंच्या कमरेला कधीच नसायची. जिन्यातल्या खिळ्याला टांगलेली, सगळ्यांच्या हाताला येईल अशी. "किल्ली माझ्याकडं ठेवली तर चार महिन्यांत मला वाटायला लागेल की पाणी मीच पाडते."

नवीन पोरगी आली की सगळे नियम तिला वाचून दाखवायचे. माझ्या वेळी मी प्रत्येकाला हाव, हाव करत गेले. बाईंनी वाचणं थांबवलं. "हो म्हणायला नाही आलीस तू. तुला पटत नसलेलं एक तरी सांग." मला रडूच आलं. मला आजवर कुणी तसं विचारलं नव्हतं. बाईंनी तांब्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सवडीनं सांग. तुझी जागा राखून ठेवलीय."

मग मला कावीळ झाली.

मिलमधून आले ती जिन्यातच बसले. डोळे पाहून निलंगा दोन पावलं मागं सरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली आणि मी खाली खोलीत पडून ऐकत होते. निलंगा म्हणत होती, "टाकी एक, मोरी एक. बरी होईस्तोवर तिला घरी धाडा." देगलूर म्हणाली, बरोबर हाय. मग एकदम बांगड्या वाजल्या. हात वर झाले असणार. मला सगळं दिसलंच. घरी गेले की मिलमधली जागा जाणार, आणि आईनं माहूरकडचं एक स्थळ आधीच बघून ठेवलेलं. बरी होईस्तोवर माझं लग्न लागलेलं असतं.

मी मनात म्हणत होते, बाई, घर तुमचं आहे. एकदा म्हणा, ती इथंच राहील.

बाई तसं म्हणाल्या नाहीत. नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या हुकमानं तुला ठेवलं असतं, तर उद्या माझ्याच हुकमानं काढताही आलं असतं. मग तू राहिलीस कशाच्या जोरावर?"

त्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "जिच्याविषयी ठरवलं ती कुठं आहे?" मग दोघींनी मला धरून वर नेलं, भिंतीला टेकवून बसवलं. बाई म्हणाल्या, "सगळ्यांचे हात वर होते, दिसलं मला. पण काही गोष्टी हात मोजून काढून घेता येत नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या आधी आजारी माणसाचं काय ठरलं होतं?"

निलंगाच पुटपुटली, "आजारी माणसाला पाणी आधी. आन् आजारपणात कुणाची खोली सुटणार न्हाई."

"कुणी सुचवलं होतं?"

"मीच." दवाखान्यात तिनं पाहिलं होतं, खोलीवाले तापाच्या पोरींना कसे रस्त्यावर काढतात. ती कसंनुसं हसली. "म्हणजे मीच माझे हात बांधून घेतले की, बाई."

"त्यालाच राज्यघटना म्हणतात, माय. भीती नसते तेव्हा, भीतीच्या दिवसासाठी बांधून घेतलेले हात."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सन्माननीय इस्लापूर, बोला."

मी पहिल्यांदा सभेत बोलले. "मला न्हाई जायचं. पर माझं भांडं अलग ठेवा. मी लांबून घेईन पाणी."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांना माझं घर ठाऊक होतं. आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, आणि आमच्या आजीला असंच लांबून पाणी मिळायचं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "आजीनं ज्यातून सुटका करून घेतली, ते तू आपण होऊन मागतेस? अलग काही नाही. उकळायचं तर सगळ्यांचं उकळू."

निलंगा लगेच म्हणाली, "उकळायलाच पाहिजे. मी पातेलं चढवते." आणि मोरी धुवायची पावडर दवाखान्यातून तिनंच आणली. मला मुळा-भाकरी आणून देताना म्हणायची, "खा गं. तुझ्यामुळं सभेत तोंडावर पडले मी."

मी बरी झाल्यावर बाई एकदा गच्चीवर सांगत होत्या. जुन्या काळी भिक्खूंच्या संघात काड्या वाटून मतं घ्यायचे. आमच्या उदगीरपासून जवळच, सीमेपलीकडच्या कल्याणला, आम्हा लिंगायतांचे चांभार आणि राजाचा मंत्री एका मंडपात बसून वाद घालायचे. "तुझ्या घरची गोष्ट आणि माझ्या घरची गोष्ट," त्या म्हणाल्या, "आणि दोघींची मिळून ही टाकी." ऊन कलतं होतं. त्यांचा आवाज टाकीतल्या पाण्यासारखा लांबून आल्यासारखा वाटत होता. सगळं समजलं नाही, पण उठून जावंसं वाटलं नाही.

आता इथं खोलीत आम्ही निरनिराळ्या मुलखांच्या बाया. भाषा एकमेकींना धड कळत नाही. परवा ओडिशाची एक पोरगी नवीन आली. न्हाणीघराच्या पाळ्या सांगितल्यावर ती सगळ्याला मान हलवायला लागली. मी खुणेनं तिला थांबवलं. तुला काय पटत नाही, ते सांग म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळलं ते कुठलं पाणी आहे.

बाई आता उदगीरला लेकीकडं असतात. विसरायला लागल्यात. फोनवर माझं नाव आठवत नाही, पण इस्लापूर म्हटलं की "बोला, सन्माननीय" म्हणतात. गेल्या वेळी लेक मागून म्हणाली, आई, आता झोपायचं. पलीकडून आवाज आला, "कुणी ठरवलं?"

बाई, इस्लापूरला मी घर बांधणार आहे. त्याला गच्ची असेल आणि टाकी असेल. तुम्हाला मी तिथं घेऊन जाणार. पहिली पाळी मी तुम्हाला देणार नाही. तुम्हालाच ते खपायचं नाही. तांब्यात सगळ्यांबरोबर तुमचीही चिठ्ठी टाकीन. चिठ्ठी कुणाचीही निघो, पाणी तुम्हालाच आधी देईन. आजारी माणसाचं ते ठरलेलंच आहे.