जायला साडेतीन, यायला साडेआठ

माझ्या मुलीनं मला न विचारता नैरोबीत लग्न केलं, तेव्हापासून मी अडून बसलो आहे: आधी तिनं यावं, मग बोलू. काल मित्राचं तिकीट काढायला गेलो तेव्हा नैरोबीच्या विमानांचं वेळापत्रक दिसलं. मुंबईहून सकाळी सहाला निघालेलं विमान तिकडे साडेनऊला उतरतं. तिकडून अकराला निघालेलं इथे संध्याकाळी साडेसातला पोचतं.

"जायला साडेतीन तास आणि यायला साडेआठ?" मी तिकीटवाल्यावर डाफरलो. "समुद्र एकच आहे ना?"

"काका, दोन्हीकडून सहाच तास. तिकडचं घड्याळ अडीच तास मागे असतं."

आयुष्यभर मापात पाप करणाऱ्यांशी भांडलो. इथे भांडायला कुणी नव्हतं. तरी ते अडीच तास डोक्यातून जाईनात. इथून निघणाऱ्याला ते समुद्रावर कुठेतरी परत मिळतात, तिकडून येणाऱ्याला तिथेच सोडावे लागतात. म्हणजे हा सौदा माझ्याच फायद्याचा होता, आणि मी तो तीन वर्षं नाकारत होतो.

तिला फोन लावला. "तुझ्याकडे यायला साडेतीनच तास लागतात म्हणे."

"सहा लागतात, बाबा," ती म्हणाली. "पण या."