ड्रॉवरमधला अर्ज

बहात्तर साली मी नगरच्या एका दवाखान्यात डिप्लोमावाली नर्स होते. मला मुंबईला नर्सिंगची डिग्री करायची होती, पण अर्ज मेट्रनबाईंच्या सहीशिवाय पुढे जात नसे. बाईंच्या चपला वाजल्या तरी मी ट्रे घेऊन दुसऱ्या वॉर्डात शिरायचे. चार दिवस अर्ज एप्रनच्या खिशातच फिरला. शेवटी स्वतःचाच संताप आला, तेव्हा तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून एक पिवळा पडलेला कागद काढला. तोही डिग्रीचाच अर्ज होता, त्यांच्या अक्षरात पूर्ण भरलेला.

"तुझ्या वयाची होते. द्यायची छातीच झाली नाही," एवढं बोलून त्यांनी माझ्या अर्जावर सही केली.

बाईंची भीती तिथेच संपली. त्या ड्रॉवरची अजून वाटते.