थर्ड क्लॅरिनेटवाले भाऊराव

आमचे हे, म्हणजे भाऊराव टेंभेकर, एकतीस वर्षं सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले. लोकांना वाटतं, वा, काय सुरेल घर असेल! सुरेल कसलं डोंबलाचं. हे होते थर्ड क्लॅरिनेट. फर्स्टवाल्याकडे चाल, सेकंडवाल्याकडे तिची साथ, आणि थर्डवाल्याकडे नुसतं पुं-पुं, पुं-पुं. जबलपूरला राइट टाउनच्या आमच्या घरात रोज पहाटे हाच रियाज. पाहुणे म्हणायचे, "भाऊराव, काही वाजवा ना." हे वाजवायचे. पाहुणे जरा वेळ गाणं सुरू व्हायची वाट बघायचे आणि मग चहाची चौकशी करायचे.

निवृत्तीनंतर चार महिने हे गप्प गप्प होते. मग एक दिवस पोहे खाता खाता म्हणाले, "क्षमा, इतक्या वर्षांत मला कुणी ऐकलंच नाही गं. मी मधेच फुंकायचं थांबवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं," मी म्हटलं. "माझी झोप झाली असती."

हसले नाहीत. तेव्हा मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमचा अंबरीश पुण्याला असतो. बाबा काहून उदास राहतात म्हणून त्याने त्यांना परदेशातल्या कुठल्याशा ऑनलाइन कोर्सला घातलं. बारा आठवडे, ऑर्केस्ट्रा आणि फुंकवाद्यांच्या बँडच्या मोठमोठ्या रचनांचा अभ्यास. मी शेजारच्या यशश्रीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काका ऑर्केस्ट्रा शिकून राहिले." जबलपुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे चमचमतं जाकीट घातलेला गायक आणि मागे कीबोर्डवाला. तिने विचारलं, "अच्छा! मग काका आमच्याकडे बारशाला येतील का गायला?"

अभ्यास म्हणजे काय, तर कानात हेडफोन आणि समोर स्कोअर. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं वाजवणं एकाखाली एक लिहिलेला ठोकळा. त्यात एखादं वाद्य साठ-साठ मात्रा गप्प असतं, आणि ती गप्प राहण्याची मोजणीसुद्धा करायची असते म्हणे. एकदा गॅसवर दूध ठेवून मी नळावर गेले. यांना बजावलं होतं, लक्ष ठेवा. येऊन बघते तर दूध ओट्यावरून खाली, आणि हे डोळे मिटून, बोट वर करून, "अठ्ठावन्न, एकोणसाठ..."

"अहो, दूध!"

"थांब, बासूनचा प्रवेश आहे."

मेल्या त्या बासून नावाच्या बाजाचा मी त्या दिवशी उद्धार केला.

नवव्या आठवड्यात कोर्समध्ये परेडला वाजतो तसला एक मार्च आला. तोच, ज्याचा थर्ड पार्ट यांनी जन्मभर वाजवला. त्याचं पूर्ण पान यांनी कधी बघितलंच नव्हतं. बँडात ज्याला त्याला आपापला कागद मिळायचा, बस. पान बघितलं आणि हे ओरडलेच, "अगं, सगळे माझ्या पुं-पुंवर उभे होते!" आणि मग हट्टच धरला, की हा मार्च एकदा, फक्त एकदा, लिहिलाय तसा लोकांपुढे वाजला पाहिजे. प्रत्येकाचा पार्ट वेगळा. खालचा सूर लोकांच्या कानावर पडला पाहिजे.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब. त्यांनी गणेशोत्सवात, पाककला स्पर्धेचं बक्षीस आणि स्वतःचं भाषण यांच्या मधली पंधरा मिनिटं दिली. वाजवणारे मिळाले बळीरामच्या लग्नबँडातले. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे अकराही जण रिकामे. नोटेशन कुणालाच वाचता येईना, म्हणून यांनी रात्रंदिवस खपून सगळ्यांचे पार्ट सारेगमपमध्ये उतरवले.

पण लग्नाच्या बँडात सगळ्यांनी चालच वाजवायची असते. जो थांबला तो कामचोर. वरातीतले लोक लगेच म्हणतात, "क्यों भैया, मुँह में दही जमा है क्या?" थर्ड क्लॅरिनेट आलं श्यामसुंदरच्या वाट्याला. कागद बघून त्याचा चेहरा पडला. "साहब, मेरी क्या गलती है? पुराने से पुराना आदमी हूँ बैंड का."

बळीरामला कॉर्नेटवर चाल मिळाली होती, तरी तो कुरकुरलाच, "मधात सोळा मात्रा गप्प काहून राहायचं, साहेब? बाजा बिघडला समजतात लोक."

यांनी हात जोडले, रागावले, मला सगळ्यांसाठी खोवा-जलेबी आणायला पळवलं. पाचव्या दिवशी गच्चीवर मार्च शेवटपर्यंत नीट वाजला. हे लहान मुलासारखे नाचायचे तेवढे बाकी राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी भय्यासाहेब बक्षीस समारंभातच भाषणाला उभे राहिले. सिंफनी ही मुळात आपल्याच पूर्वजांची, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. आमच्या वाट्याला सहा मिनिटं उरली. यांनी बँडमास्टरसारखी छडी उचलली. पहिल्या सोळा मात्रा, काय सांगू बाप्पा, अंगावर काटा आला. तेवढ्यात भय्यासाहेबांना राहवलं नाही. रुमाल दातात धरून ते स्टेजसमोर नाचायला लागले. मागोमाग त्यांचे साडू, मग अर्धं मंडळ.

आता समोर नाचणारा माणूस दिसला की लग्नबँडाचा हात राहतो का कुठे? अकराच्या अकरा जण चालीवर तुटून पडले. श्यामसुंदर तर सगळ्यांत पुढे. यांची छडी हवेतच राहिली. लोक शिट्ट्या मारत होते, आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता.

यांनी छडी खाली ठेवली. खुर्चीखालची पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि मागच्या रांगेत जाऊन थर्ड पार्ट वाजवायला लागले. एकटेच.

शाल आणि नारळ बळीरामला मिळाला. "ऐसा सिंफनी हमने जिंदगी में नहीं सुना," असं भय्यासाहेब हिंदीतून म्हणाले, म्हणजे कौतुक मनापासूनचं होतं.

घरी परतताना हे क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून चालत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "त्या सगळ्यांनी मातेरं केलं. तुम्ही एकट्याने बरोबर वाजवलं."

"उगाच समजूत काढू नको. मी चुकलो. तुला काय कळतंय?"

"कळलं ना," मी म्हटलं. "चाल परत फिरते, तिथे. एक पुं लवकर आला. तिथे तुम्ही नेहमीच चुकता."

हे रस्त्यातच थांबले. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, तरी हलेनात.

"नेहमी?" म्हणाले. "एकतीस वर्षं?"

"लग्न होऊन एकोणतीसच झालीत. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."