पदराआडचे सव्वीस मिलिमीटर

फिजिओथेरपीच्या प्रबंधासाठी मी जबड्याच्या सांध्याचा विषय घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरीच्या वाट्याला गुडघे-कंबर काही आलेलं दिसत नाही. मी मात्र तोऱ्यात होते. ढीगभर पेपर वाचले होते. जुन्या पेपरांत यंत्राचा शेक आणि तोंड किती मिलिमीटर उघडलं, यावरच भर असायचा. अलीकडचे पेपर मान, झोप, काळजी, घरी काय खाता येतं, हेही विचारायला लागले होते. हे सगळं मी प्रस्तावात झोकात लिहिलं आणि प्रत्यक्षात मोजपट्टी घेऊन बसले.

माझ्या रुग्णांत देवगाव रंगारीची एक ताई होती. पस्तिशीची, जबडा अडकलेला, भाकरीचा घास चावणंही जड. नवरा कंपनीत पाळीवर, म्हणून सासरे तिला एसटीनं शहरात आणत आणि व्यायाम आपल्यालाही कळावा म्हणून खोलीतच स्टुलावर बसत. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड उघडायची, मी पदराखालून पट्टी लावायची. सव्वीस मिलिमीटर; हवेत चाळीसच्या आसपास. दुखणं कमी झालंय म्हणायची, पण पाच आठवडे आकडा सव्वीसच. सहाव्या आठवड्यातही हलला नाही तर सर्जनकडे पाठवायचं, असं आमच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. ऑपरेशनच्या नावानं ती घाबरून जायची. मी तिच्यावरच चिडले. घरी व्यायाम करत नाही तुम्ही, असं सासऱ्यांसमोर सुनावलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला.

त्याच दुपारी क्रांती चौकात मी रिक्षाची वाट बघत होते, तर पलीकडे ती उभी. सासरे औषधाच्या दुकानात गेले होते. तिनं गाड्यावरून पेरू घेतला आणि चांगला मोठा आ करून त्याचा लचका तोडला. खरं तर कडक फळाला मी मनाई केली होती, पण रागवायचं सुचलंच नाही. माझी आईसुद्धा तिच्या सासऱ्यांसमोर, माझ्या आजोबांसमोर, जांभई दाबते. हे मला कुठल्या पेपरनं सांगायला हवं होतं?

सहाव्या आठवड्यात मी तिच्या सासऱ्यांना, बाबांना, चहाला बाहेर पाठवलं. पट्टीवर अडतीस आले. मॅडमनी स्वतः पुन्हा मोजलं आणि ऑपरेशनचा विषय संपवला. मी ताईची माफी मागितली. बाबा परत आल्यावर त्यांनाही चाचरतच कारण सांगितलं. ते मनाला लावून घेतील, अशी धास्ती होती.

"मला आधी सांगायचं ना बाई," ते म्हणाले. "मी भाईर बसलो असतो."

मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "मंग आता माझी भाकरी कुस्करायची बंद केली तर चालंल का?"

मला वाटलं, त्यांच्याही दातांचं काही दुखणं असावं. तसं विचारलं, तर उत्तर ताईनं दिलं.

"त्यांचे दात धड हायेत. मला एकटीला येगळं खावं लागू नाय, म्हणून माझं तोंड आडकल्यापासून, पाच महिने झाले, तेबी दुधात कुस्करूनच खात्यात."

सांगताना तिला हसू फुटलं. सासऱ्यांसमोर, पदर न ओढता. पट्टी हातातच होती, पण त्या हसण्याला लावावीशी वाटली नाही.