फोन मी केला

माझा धाकटा फौजेत आहे, सीमेवर. नेमका कुठं ते मलाही ठाऊक नाही. फोनवर त्याचं एकच पालुपद: "आई, मी कुठं हाय, सुट्टी कवा, ह्यातलं कुणाला काय सांगायचं न्हाई. सख्ख्या मावशीलाबी न्हाई." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे मालक चारचौघांत सांगतात. पण ही गोष्ट मी गिळून बसले. त्यात पोराचं तिसावं सरलेलं. दोन स्थळं "फौजी नको" म्हणून परतलेली. तो घरी नीट परत यावा आणि त्याचं लग्न व्हावं, देवापुढं मी मागते ते एवढंच.

त्या आठवड्यात टीव्हीवर सारख्या हल्ल्याच्या बातम्या चालल्या होत्या. रहिमतपूरला बाजाराला गेलो तर एसटी स्टँडवर नवा फलक लागलेला. संशयास्पद काही दिसलं तर कळवा, माहिती खरी निघाली तर सरकारी बक्षीस, नाव गुप्त ठेवलं जाईल. मालक म्हणाले, "बघ, बक्षीस घावलं तर गोठ्यावर नवा पत्रा घालू." ह्या माणसाला कुठं काय सुचेल सांगता येत नाही. मी मात्र फलकावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला.

चार दिवसांनी संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले. सांगली पासिंगच्या मोटरसायकलला टेकून एक पन्नाशीचा माणूस डेअरीवाल्याला विचारत होता, "ते कोपऱ्यावरचं घर फौजीचंच न्हवं? पोरगा सध्या कुठं असतोय? रजेवर कवा येतोय?" बोलण्याला कानडी हेल. घर आमचं, पोरगा माझा. किटली तशीच धरून मी विचारलं, "कुठलं पाव्हणं तुमी?"

"बेदाण्याचा व्यापारी हाय, मावशी," तो म्हणाला.

आमच्या शिवारात पिकतं ते ऊस आणि आलं. द्राक्षाचा वेल औषधाला सापडायचा नाही. इथं बेदाण्याचा व्यापारी काय गोटे विकत घेणार? घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही, भाकरी करपली. सकाळी झाडायला दार उघडलं तर हाच माणूस रस्त्यावरून मोबाइलवर आमच्या घराचे फोटो काढत होता. घराचा, गोठ्याचा, दारातल्या ट्रॅक्टरचा. मालक रानात गेलेले. मी आतून कडी लावली आणि तो नंबर लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सगळं विचारून घेतलं. गाडीचा नंबर मी दोनदा सांगितला.

दुपारी पोलीस ठाण्यातून मालकांना फोन आला. "हे पाहुणे तुमच्या मुलाचं स्थळ बघायला आलोय म्हणतात. खरं आहे का?"

आमच्याकडं मुलगी दाखवायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी गुपचूप गावात येऊन चौकशी करून जातं. पोरगा पितो का, घर कसं, जमीन किती. खरं कोण सांगतं? माझ्या लेकीच्या वेळी मी स्वतः म्हैस घ्यायची म्हणून वाईकडं जाऊन आले होते, त्यांच्या गोठ्यात उभी राहून म्हशीचा भाव केला होता. एवढं करून सवरून त्या सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. भीतीनं माणूस बावळट होतो.

आम्ही दोघं ठाण्यात गेलो तर ते पाव्हणे चहा पीत बसले होते. जतकडचे, मुलीचे मामा. मालकांनी हात जोडले. फोन कुणी केला ते पोलिसांनी अखेरपर्यंत सांगितलं नाही. पण त्या माणसाकडं मला बघवेना.

"फोन मी केला," मी म्हणाले.

मामांनी कप खाली ठेवला. "बक्षिसापायी केलासा?"

"न्हाई वं. भ्याले मी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "पोरगं भरती होऊन किती वरसं झाली?"

"अकरा."

"आणि अजून असं भ्या वाटतं?"

मालकांनी मला कोपरानं ढोसलं. मला कळलं काय म्हणायचं ते. पण त्या माणसाशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"वाटतं. रोज वाटतं."

"मग माझ्या भाचीला ह्यात कशी आणू, ताई? बाप न्हाई तिला." एवढं बोलून ते उठले. मालकांनी जेवायला चला म्हटलं, ते नको म्हणाले. मोटरसायकल सुरू झाली तरी मी बाकावरून उठले नव्हते.

दोन दिवसांनी लेकाचा फोन आला. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माझ्यावर भडकणार.

"बरं केलंस आई," तो म्हणाला. "खरंच कोण असता तर?" आणि मग आवाज बारीक करून विचारलं, "पोरगी कशी हाय गं? काय शिकलीय?"

मी विचारलंच नव्हतं.