स्ट्रायकर बाहेर बसला तो सामना

नागपूरच्या कॉलेजात फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा संघात खेळ भरपूर होता, शिस्त मात्र नव्हती. मी एकच नियम केला. सकाळी सहाच्या सरावाला जो येणार नाही, तो सामन्यात खेळणार नाही.

नेमका उपांत्य सामन्याच्या आठवड्यात आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर दोन दिवस आला नाही. मी त्याला बाहेर बसवलं. आम्ही एका गोलने हरलो, पण आपलं चुकलं असं मला क्षणभरही वाटलं नाही.

त्याचे वडील त्या दिवशी मुलाचा खेळ बघायला नरखेडकडच्या गावाहून एसटीने आले होते. सामना संपल्यावर ते सरळ माझ्याकडे आले. आता भांडण होणार, असं मी धरून चाललो.

"काहून बसवलं जी याले?"

मी कारण सांगितलं.

"मंग बरं केलं, सर. संत्र्याले पाणी द्याची पाळी आली का घरीबी हा झोपूनच राहते!"

मुलगा मान खाली घालून उभा होता.

पुढच्या वर्षी मी त्यालाच कप्तान केलं. उशिरा येणाऱ्यांना तो मला न विचारताच परत पाठवायचा. त्या वर्षी विद्यापीठाचा चषक आम्ही आणला.