मागच्या सीटसाठी गाडी

सेकंडहँड क्रूझर मोटरसायकली विकणाऱ्यांविषयी माझी तक्रार एकच आहे: त्यांना मागे बसणारा माणूस दिसत नाही.

तोआ पायोहच्या त्या जुन्या गाड्यांच्या गाळ्यात मी लागोपाठ तिसऱ्या शनिवारी उभी होते. समोर पाच गाड्या, सगळ्या दोनशे सीसीच्या आतल्या, कारण माझ्या लायसन्सवर तेवढ्याच चालतात. ठेंगण्या, लांब, चकचकीत. चालवणाऱ्याला दिवाणखान्यात बसल्यासारखी बैठक आणि त्याच्या मागे पोळपाटाएवढी गादी. फूटरेस्ट इतके वर की बसणाऱ्याने गुडघे हनुवटीलाच लावावेत. मी खिशातून दोरी काढली, एक टोक मागच्या सीटवर धरलं आणि दुसरं फूटरेस्टकडे सोडलं. दोरी चार बोटं जास्त झाली. शेजारच्या गाडीवर पाच बोटं.

दुकानदार साठीचा चिनी गृहस्थ होता. मी त्याला अंकल म्हणायचे, तो मला सिस.

"सिस," तो इंग्रजीत म्हणाला, "तू बाइक घ्यायला आलीयस की पडदे शिवायला?"

"मागे बसणाऱ्याचा पाय वाकत नाही, अंकल."

"मग टॅक्सी कर लाह," त्याने इथल्या लकबीत सांगितलं.

हेच ते. गेली पाच वर्षं माझ्या भावाला जो-तो हेच सांगतो.

दोरीचं माप त्याने पुण्याहून फोनवर दिलं होतं. खुर्चीत बसून, उजवा पाय जेवढा वाकतो तेवढाच वाकवून, बैठकीपासून टाचेपर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. त्याहून कमी जागा असली तर गुडघा किंचाळतो. दिवाळीनंतर दोन आठवड्यांसाठी तो माझ्याकडे परदेशात, टॅम्पिनीसला येणार होता, आणि तिकीट काढायच्या आधीच त्याने सांगून टाकलं होतं.

"ताई, मला प्राणी-पक्षी दाखवू नकोस. मला गाडीवर मागे बसव."

"अरे, इथे एमआरटीची मेट्रो आहे, बस आहे..."

"पाच वर्षांत मला कुणी टू-व्हीलरवर बसवलेलं नाही. मित्र निघाले की माझ्यासाठी वेगळी रिक्षा. मी खाली पार्किंगमध्ये गेलो तरी आई गॅलरीत येऊन उभी राहते. तुझ्या गाडीवरून पडलो ना मी? मग तूच बसव. नाहीतर मला कळेल की तूसुद्धा मला पोस्टरच समजतेस."

पोस्टरचं सांगायला हवं. कॉलेजपासून मी पत्रकं लिहायचे. फीवाढ, हॉस्टेलचं पाणी, रस्त्यातले खड्डे. आमच्या गटाची शिकवण सोपी होती: आरोपी पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत. वाचणाऱ्याला चहा संपायच्या आत राग आला पाहिजे. मला ते जमायचं. अजूनही जमतं, पण इथे नोकरीच्या पासवर राहणाऱ्या परक्या बाईने पत्रकं वाटायची नसतात, म्हणून मी ऑफिसात लांबलचक ईमेल लिहिते.

अपघात झाला तेव्हा मी चोवीसची होते. भाऊ एकोणीसचा, माझ्या मागे बसलेला. पुढे पाण्याचा टँकर. टँकरने ब्रेक मारला, मी मारला, माझं मागचं चाक खडीवरून सरकलं आणि आम्ही आडवे होऊन थेट त्याच्या चाकाशी गेलो. मला खरचटलं. त्याचा गुडघा गेला. तिसऱ्या दिवशी, तो नीट शुद्धीवर यायच्या आत, माझं पत्रक छापून तयार होतं. आरोपी दोन: खडी तशीच टाकून गेलेला कंत्राटदार आणि टँकरचा ड्रायव्हर. टँकरचा नंबर ठळक अक्षरांत. मग भावाचा प्लास्टरमधला पाय पोस्टरवर आला, मोर्चात आला. "माझा पाय माझ्यापेक्षा तुझ्या पत्रकांतच जास्त चालला," तो म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो. कंत्राटदाराचं काहीच झालं नाही. ड्रायव्हरला मालकाने काढून टाकलं. त्याला आम्ही विजय म्हटलं.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. नोकरी घेऊन इथे आले.

दीड वर्षापूर्वी, का कोण जाणे, मी इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या धड्यापासून नाव घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मास्तरने मला थांबवलं. "पुढचा ब्रेक कुठे विसरलीस?"

आपल्याकडे गाडी शिकवणारा बाप असो, मामा असो, पहिला धडा एकच देतो: पुढचा, उजव्या हाताचा, दाबायचा नाही, तोंडावर पडशील. मी सोळाव्या वर्षापासून फक्त उजव्या पायाचा, मागचा ब्रेक दाबत आले होते. मास्तरने दाखवलं. ओल्या पट्ट्यावर नुसता मागचा ब्रेक: चाक शेपटीसारखं एका बाजूला गेलं आणि गाडी लांबवर घसरली. मग दोन्ही: गाडी जागच्या जागी उभी. दोन्ही वेळी गाडी जिथे थांबली तिथे त्याने नारिंगी शंकू ठेवले. मी त्या दोन शंकूंच्या मधलं अंतर बघत हेल्मेटमध्ये घामाने भिजत उभी राहिले. टँकर आणि आमच्यामध्ये एवढी जागा होती. मला ती नीट आठवते. खडी होती, हे खरं. पण जागाही होती.

मी परीक्षा पास झाले, लायसन्स कपाटात टाकलं आणि हे कुणालाही सांगितलं नाही. जी मुलगी पाणीपट्टीच्या चुकीवर दोन पानं लिहायची, तिने.

आता दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि गाडी मिळत नव्हती. एकीची मागची सीट चांगली, तर टेकायला पाठ नाही. एकीला पाठ होती, तर फूटरेस्ट सायलेन्सरला चिकटलेले. टॅम्पिनीसच्या बहुमजली पार्किंगमध्ये एकाने मला गाडी दाखवली आणि मागची सीट कुठे आहे विचारल्यावर म्हणाला, काढून टाकली, लुक बिघडतो. मी त्याला लुकबद्दल जे सांगितलं ते इंग्रजीत होतं, पण भावना शुद्ध मराठी होत्या.

शेवटी ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डो सोसायटीतल्या गाडीची जाहिरात सापडली. फोन लावला तर पलीकडून आवाज आला, "बोला." मराठी माणूस! रत्नागिरीकडचा, पंचावन्नच्या आसपासचा, इथल्या बंदरातून निघणाऱ्या जहाजांवर चीफ इंजिनिअर. रविवारी सकाळी गेले तर त्याने गाडीवरची चादर अशी ओढली, जणू पाळण्यातल्या बाळावरची. काळी, जुनी, एकही ओरखडा नाही. मागे रुंद गादी, टेकायला लोखंडी पाठ, फूटरेस्ट खाली आणि पुढे. मी दोरी सोडली. टोक फूटरेस्टच्या रबरावर टेकलं. बरोबर टेकलं. मला तिथेच रडू येणार होतं, म्हणून मी पटकन काहीतरी विचारलं.

"ॲव्हरेज किती देते?"

"अकरा महिने देते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथे गाडीला ॲव्हरेज कोण विचारतो? किती दिवस उरले ते विचारायचं. गाडी ठेवायचा सरकारी परवाना दहा वर्षांचा. हिचे अकरा महिने राहिलेत. पुढची दहा वर्षं हवी असतील तर पुन्हा परवाना घ्यायचा, तो गाडीपेक्षा महाग. नाहीतर भंगार. इंजिन बघा, अजून वीस वर्षं जाईल. जहाजाचंही असंच होतं. मशीन ठणठणीत, आणि मालक सांगतो, तोडायला न्या."

एरवी मी या धोरणावर तिथेच भाषण केलं असतं. त्या दिवशी मला अकरा महिने पुरेसे होते. मला एक फेरी हवी होती.

"मागे कोण बसणार?" त्याने दोरीकडे बघत विचारलं.

"भाऊ. त्याचा पाय अधू आहे."

"मग आधी मला बसवून दाखवा. विमा माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी चालवली तरी लागू आहे, बघून ठेवलंय मी."

कॉन्डोच्या मागे आतलाच एक लांब, रिकामा रस्ता होता. तो मागे बसला. चांगला नव्वद किलोचा माणूस, गाडी खाली दबली. एकटी असताना मी गाडी बरी चालवते. पण मागे माणूस बसला, त्याचं वजन पाठीला जाणवलं आणि मी पुन्हा पुण्यात होते. त्याने अचानक सांगितलं, "थांबा!" माझा उजवा पाय खाली गेला. उजव्या हाताची बोटं मुठीला चिकटून तशीच राहिली. मागचं चाक सरकलं, फार नाही, वीतभर. त्याने दोन्ही पाय टेकवून गाडी सावरली, उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"लायसन्स कुणी दिलं तुम्हाला?"

"मी दोन्ही दाबते. टेस्टमध्ये दाबले होते."

"टेस्टमध्ये मागे कुणी बसलं होतं का?"

मी गाडी बंद केली.

"भावाचा पाय असाच गेला ना?" तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता. जहाजाच्या इंजिनात कुठला व्हॉल्व्ह गेला ते ओळखावं तसा म्हणाला. मी मान हलवली. माझा गुन्हा पहिल्यांदा कुणासमोर कबूल झाला तो असा, एका परक्या माणसासमोर, नुसत्या मानेने.

गाडी त्याने दिली, पण बजावून. "माणूस बसवायच्या आधी तांदूळ बसवा. रोज सकाळी इथे या. हात आपोआप गेला पाहिजे."

तर मी तांदूळ बसवला. दहा-दहा किलोच्या पाच पिशव्या मागच्या पाठीला पट्ट्याने आवळून, ऑफिसच्या आधी, त्या रिकाम्या रस्त्यावर. तो बाल्कनीतून चहा पीत ओरडायचा, "पाय आधी गेला! परत!" वॉचमन मला बघून खाली मान घालायचा. पहिल्या आठवड्यात दहातल्या सात वेळा पायच आधी जायचा. एकदा पिशवी फुटली, रस्ताभर तांदूळ झाला आणि मी सकाळच्या उन्हात फूटपाथवर बसून तो गोळा करत हुंदके दिले. गाडी नीट थांबवता येत नव्हती याचं रडू होतंच. पण हात शिकला तरी भावाला न सांगता मी त्याला मागे बसवू शकणार नव्हते, हे तोवर मला कळलं होतं.

त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. पुढचा ब्रेक, शंकू, जागा.

"आणि हे तुला दीड वर्ष माहीत आहे," तो म्हणाला.

"हो."

"त्या टँकरवाल्याला मी पाच वर्षं शिव्या घालतोय, ताई. माझ्या फिजिओच्या बाईंनापण पाठ झाल्यात. नाव काय त्याचं?"

"माहीत नाही. पत्रकात फक्त गाडीचा नंबर होता."

"नावसुद्धा माहीत नाही." मग तो म्हणाला, "मी येतोय. तिकीट परत होत नाही. पण मागे बसेन की नाही ते सांगत नाही. आधी पत्रक काढ. तेवढ्याच ठळक अक्षरांत. आरोपी पहिल्या ओळीत."

मला वाटलं होतं, एक पान तर लिहायचं. आठ दिवस लागले. पहिल्या मसुद्यात पुन्हा खडी होती. दुसऱ्यात वडिलांची शिकवण होती. तिसऱ्यात देशातली वाहतूक शिक्षणाची अवस्था, तीही मुद्देसूद. प्रत्येक मसुद्यात मी दुसऱ्याच कुणालातरी पहिल्या ओळीत बसवत होते. हे कसब माझ्या बोटांत इतकं मुरलेलं होतं की मला स्वतःची किळस आली. शेवटी पाच ओळी उरल्या. पहिली: "गाडी मी चालवत होते आणि ब्रेक मी चुकीचा मारला." जुन्या गटाच्या ग्रुपवर टाकल्या, भावालाही पाठवल्या. दोघांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का. एकाने लिहिलं, आता याने चळवळीचं नुकसान होईल. ड्रायव्हरचा पत्ता काढायला एका जुन्या मैत्रिणीला टँकरच्या मालकाकडे पाठवलं. तिथे आता दुसराच धंदा होता. कुणाला काही आठवत नव्हतं.

भाऊ आला. एअरपोर्टवर मला मिठी मारली, पण बोलला कमीच. दुसऱ्या सकाळी मी त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं. त्याने गाडीभोवती लंगडत एक फेरी मारली, दोरी मागितली, स्वतः मोजलं. मग हात पुढे केला. मी छापलेला कागद दिला. फोनवर त्याने वाचलेला होताच, तरी उभ्याने, ओठ हलवत, पुन्हा वाचला.

"ड्रायव्हरचं काय?"

"सापडला नाही. शोधतेय."

"शोधत राहा," तो म्हणाला. कागदाची घडी करून त्याने शर्टाच्या खिशात घातली, लोखंडी पाठ धरली, वाकत नसलेला पाय पलीकडे टाकताना एकदा कण्हला आणि बसला.

त्याचं वजन तांदळापेक्षा फार थोडं जास्त होतं. तरी मी आरसे दोनदा नीट केले. आम्ही ईस्ट कोस्टच्या दिशेने निघालो. पहिला सिग्नल लाल. पुढे सिमेंटची अजस्र गाडी, तिचं पोट गरगर फिरतंय. माझ्या उजव्या पायात तो जुना धक्का आला.

"हात," मागून आवाज आला. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. "ताई, हात!"

बोटं आवळली गेली. पायही गेला, पण नंतर. गाडी सरळ थांबली. सिमेंटच्या गाडीत आणि आमच्यात जागा होती.

मागे त्याचा श्वास मला ऐकू येत होता, माझ्याइतकाच जोरात चालला होता. सिग्नल हिरवा झाला.

"पुढच्या सिग्नललाही ओरडणार आहे मी," तो म्हणाला. "प्रत्येकाला."

"ओरड," मी म्हटलं.